‘हीरो असा नही ऱ्हास’ : गेममधला गोरा नायक आणि आपली पोरं



साक्रीत आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. अभ्यासाच्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवायचा, हा नियम आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली, पुस्तकं मिटली आणि पोरांच्या हातात मोबाइल आले. नववीतला एक मुलगा नव्या गेममध्ये आपला खेळाडू तयार करत होता. आधी केस निवडले, मग डोळे. शेवटी कातडीच्या रंगाची पट्टी आली. त्याने बोट सरकवत सरकवत अगदी शेवटच्या टोकाला, सगळ्यात गोऱ्या रंगावर नेलं. मुलगा स्वतः आमच्यासारखाच सावळा. आम्ही विचारलं, “अरे, तुझ्यासारखा कर की!” तो मान वर न करताच म्हणाला, “दादा, हीरो असा नही ऱ्हास.”

बाकीची पोरं हसली. आम्हीही हसलो असतो, पण हसू आलं नाही. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं? शाळेत असा धडा नाही. घरात कुणी असं म्हणालं नसेल. तरी ते त्याच्या तोंडात तयार होतं. त्यामुळे हा विषय ‘पोरांचा खेळ’ म्हणून सोडून द्यावा असं आम्हाला वाटत नाही. आपली चळवळ पुस्तक, पुतळा, पोवाडा, जलसा, सिनेमा या सगळ्यांवर बोलते. आपल्या पोरांचे रोजचे दोन-तीन तास जिथे जातात त्या गेमवर मात्र आपण गप्प आहोत. आपलं बोलणं फार तर ‘मोबाइल सोड’ इथपर्यंत येतं.

त्यानंतर काही दिवस आम्ही पोरांच्या शेजारी बसून गेम पाहिले. आम्ही काही संशोधक नाही आणि हे काही सर्वेक्षण नाही. पण जे दिसलं ते कुणालाही दिसेल. नायक उजळ, नाक सरळ. खलनायकाच्या टोळीतला धिप्पाड गुंड काळा. राक्षस तर काळाच, नाहीतर मातकट. पोरांच्या भाषेत ‘स्किन’ म्हणजे कातडी नव्हे, तर पैसे देऊन विकत मिळणारा पोशाख. गेममध्ये स्किन बदलता येते. बाहेर आल्यावर आपली कातडी आणि आपलं आडनाव तेच राहतं, हे त्या पोराला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर तो बोट टोकापर्यंत नेतो.

जगाच्या गेममध्ये भारतीय माणूस कसा आला, ते आधी पाहू. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला. त्यातला भारताचा लढवय्या म्हणजे धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून आग. अनेक वर्षं जगभरच्या पोरांना ‘भारतीय’ म्हटलं की हा जोगी आठवायचा. पुढे दिवस बदलले. ‘ओव्हरवॉच’मध्ये सिमेट्रा आली, ‘एपेक्स लेजंड्स’मध्ये रॅम्पार्ट आली, २०२२ मध्ये ‘व्हॅलोरंट’मध्ये हार्बर आला. हे तिघं भारतीय किंवा भारतीय वंशाचे, सन्मानाने रंगवलेले, कवट्यांच्या माळेतून सुटलेले. याचा आनंदच आहे. पण त्यांची खरी नावं वाचा. सत्या वासवानी, रम्या पारेख, वरुण बत्रा. या आडनावांशी आमचं भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच की ‘भारतीय’ म्हटल्यावर बनवणाऱ्याच्या डोक्यात बैसाणे, मालचे, गावित, कांबळे ही आडनावं का येत नाहीत? परदेशातल्या स्टुडिओने रंगाचा विचार केला, देशाचा केला, बाईचा केला. जातीचा विचार त्याला सुचला नाही, कारण त्याला भारत समजावून सांगणाऱ्यांनी जात सांगितलीच नसणार.

म्हणजे रंग हा प्रश्न आहे, पण तो एकटा नाही. अमेरिकेत काळ्या माणसाला नायक केलं की वगळलेला समाज पडद्यावर येतो. २००४ च्या ‘जीटीए : सॅन अँड्रियास’मधला सीजे आमच्या पिढीतल्या कित्येकांनी सायबर कॅफेत बसून खेळला आहे. त्या गेममध्ये काळ्या वस्तीला गुन्हेगारीत कोंबल्याची टीका झाली आणि ती योग्यच होती. तरी गोष्टीच्या मध्यभागी काळा माणूस होता. भारतात तेवढ्याने भागत नाही. इथे सावळ्या रंगाचा नायक आणला तरी तो सवर्ण घरातलाच असू शकतो. कातडी सावळी करून जात जशीच्या तशी ठेवायची, ही युक्ती आपण सिनेमात पाहिली आहे.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. २००८ पासून तिथे युबिसॉफ्टसारख्या जागतिक कंपनीचा स्टुडिओ आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. तो गेम देखणा आहे आणि त्याची नायिका सावळी आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. मोठ्या कंपनीचा हात पाठीशी नसताना इथल्या पोरापोरींनी तो उभा केला, त्याचा अभिमानही आहे. पण गोष्ट काय आहे? राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या भावाला असुर पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी उभे राहतात आणि ती असुरांचा संहार करत महाबलासुरापर्यंत पोहोचते.

आम्ही महाराष्ट्रातली माणसं ही गोष्ट दोन ठिकाणी अडखळल्याशिवाय ऐकू शकत नाही. पहिलं म्हणजे, दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी मुलगी आपल्या बाजारात कोण असते? ती डोंबाऱ्याची, कोल्हाट्याची पोर असते. तिला जातीचा दाखला मिळवताना नाकी नऊ येतात आणि तिचं पाल गावाबाहेर असतं. गेममध्ये तिची कसरत आली आणि तिचं पाल मागे राहिलं. दुसरं म्हणजे असुर. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून बळीराजाची बाजू मांडली. दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या आयाबहिणी आपल्या खानदेशात आजही आहेत. ज्या मातीत असुर कोण आणि देव कोण या प्रश्नावर दीडशे वर्षं वाद चालला, त्या मातीतल्या गेममध्ये त्या वादाचा मागमूसही नसावा? हे लिहिताना आमचा बोट दाखवण्याचा हेतू नाही. बनवणाऱ्यांनी मुद्दाम वाईट केलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. आपल्या आजीची गोष्ट सांगणारा त्या खोलीत कुणी नव्हता, एवढाच याचा अर्थ.

पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. सिंधू संस्कृती पुढे बहरत गेली असती तर भविष्यातला भारत कसा दिसला असता, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण भविष्याचं चित्र काढताना प्रश्न आणखी टोकदार होतो. भूतकाळात आम्हाला वेशीबाहेर ठेवलंत. निदान काल्पनिक भविष्यात तरी आमचा चेहरा आणि आमचं नाव कुठे आहे, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

काही जण म्हणतील, यंत्राला जात नसते आणि रंगही नसतो. हे खोटं आहे. फोटोच्या रिळांच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड वापरायची. गोरी कातडी नीट आली की फोटो नीट आला, असं समजायचे. काळी माणसं त्या फोटोत डांबरासारखी यायची. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी ओरड चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी केली, तेव्हा कुठे सुधारणेला जोर आला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जॉय बुओलाम्विनी यांनी चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषाचं लिंग ओळखताना चूक एक टक्क्याच्या आत होती. काळ्या बाईच्या बाबतीत एका प्रणालीत ती ३४ टक्क्यांच्या वर गेली. मोबाइलमधल्या इमोजीला २०१५ मध्ये कातडीचे रंग मिळाले, तेही पाचच. ज्या मोजपट्टीवरून ते घेतले, ती कातडीवर उन्हाचा काय परिणाम होतो हे ठरवायला एका त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली केली होती. २०२२ मध्ये गुगलने दहा छटांची नवी पट्टी स्वीकारली. म्हणजे पट्टी बदलता येते. कुणीतरी आवाज केला की ती बदलते.

गेममध्येही तसंच आहे. चेहरा बनवताना आधी एक तयार साचा घेतात आणि मग त्यावर रंग चढवतात. साचा युरोपी असला की नाक, ओठ, गालफडं तीच राहतात आणि रंग फक्त दोन छटा गडद होतो. प्रकाशयोजना गोऱ्या कातडीसाठी केलेली असली की गडद चेहरा अंधारात बुडतो. मग ‘काळा प्लेअर दिसतच नाही’ असं पोरं म्हणतात आणि पुन्हा बोट गोऱ्या टोकाकडे जातं.

इथे आपल्याच छावणीतल्या एका गैरसमजाबद्दल बोलणं गरजेचं आहे. आपल्यातले काही मित्र म्हणतात, ‘गोरे ते आर्य, काळे ते आपण मूलनिवासी, म्हणून काळा नायक हवा.’ ऐकायला बरं वाटतं, पण बाबासाहेबांनी हा सिद्धान्त नाकारला होता. ब्रिटिश अधिकारी रिस्ले माणसांची नाकं मोजत हिंडला आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा निष्कर्ष त्याने काढला. १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये स्पष्ट सांगितलं की जात ही वंशाची विभागणी नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा अस्पृश्य एकाच वंशाचे. १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धान्त तपासून फेटाळला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांच्या मोजमापाचे तेच आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत.

म्हणून आमची मागणी ‘दलित-आदिवासी म्हणजे काळा’ अशी नाही. तसं म्हणणं म्हणजे रिस्लेची पट्टी आपल्याच हाताने आपल्या नाकाला लावणं. आपल्या वस्तीत गोरी माणसं आहेत, सावळी आहेत, काळी आहेत. आणि साक्रीच्या बाजारात उभं राहून नुसत्या रंगावरून कुणी जात ओळखून दाखवावी! ‘काळा म्हणजे खालचा’ हे समीकरण विज्ञान म्हणून खोटं आहे. तरी लोक ते खरं मानून वागतात, आणि लोक तसं वागतात तोवर त्याचे चटके खरे आहेत. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला जब्या आठवा. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटा लावणारा, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ पळणारा. रिस्ले जाऊन शंभर वर्षं झाली, पण त्याची पट्टी अजून त्या पोराच्या उशाशी आहे. आपली लढाई त्या समीकरणाशी आहे. रंगाची अदलाबदल करून ते मोडत नाही. नायक कुणीही असू शकतो, हे पोराच्या डोळ्याला सवयीचं झालं की ते मोडतं.

डोळ्याची ही सवय किती महाग पडते, हे साक्री तालुक्याला कुणी सांगायला नको. १ जुलै २०१८ ला आपल्याच तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांना रंगामुळे मारलं असं आम्ही म्हणत नाही. मारणारे आणि मरणारे दोघंही याच व्यवस्थेने कडेला फेकलेले होते, आणि त्या घटनेचं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे. पण एक प्रश्न तेव्हापासून आम्हाला सोडत नाही. अनोळखी, मळक्या कपड्यातला, झोळीवाला माणूस पाहताच ‘हा चोर’ असं डोळा कसं ठरवतो? १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. गोष्टीतला, सिनेमातला, मालिकेतला खलनायक मात्र तसाच दिसत राहिला. गेममध्ये तर आपण नुसतं पाहत नाही, तसा चेहरा दिसला की गोळी घालतो आणि त्याचे गुण मिळतात. गेम खेळून कुणी खुनी होतो असा बाळबोध दावा आम्ही करणार नाही. पण ‘धोका’ म्हणून कोणता चेहरा समोर येतो, याची सवय रोज लागत असेल तर ती सवय कोण लावतं, हे विचारणं आपलं काम आहे.

आणि आता स्वतःकडे पाहू. १४ एप्रिलचे बॅनर आठवा. त्यावर बाबासाहेबांचा चेहरा कसा असतो? गुलाबी गोरा, गुळगुळीत, गालावर लाली. फ्लेक्सवाला संगणकावर ‘ब्राइट’ करतो आणि आपण ‘मस्त झालाय’ म्हणत पैसे देतो. सावित्रीमाई गोरी, बुद्ध गोरा, आणि खाली कार्यकर्त्यांचे फोटो त्याहून गोरे. लग्न जुळवताना ‘मुलगी उजळ आहे का?’ हा प्रश्न आपल्या घरातही विचारला जातो. काळ्या मुलीच्या बापाकडून जास्त अपेक्षा धरली जाते. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ काढलं, पण आपल्या बोलण्यातून ते निघालं नाही. अभ्यासिकेतल्या त्या मुलाने ‘हीरो असा नही ऱ्हास’ हे गेममधूनच उचललं असेल कशावरून? कदाचित आपल्या बॅनरवरूनही उचललं असेल. ज्याने आपल्या बापाचा फोटोसुद्धा गोरा करून घेतलेला पाहिला, तो आपला खेळाडू सावळा का ठेवेल?

मग करायचं काय? नुसता निषेध नोंदवून आपण घरी जाणार असू तर पोरं आपलं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. यंदाच्या बॅनरवर बाबासाहेबांचा चेहरा उजळ करू नका, असं फ्लेक्सवाल्याला बजावून सांगा. जुन्या छायाचित्रात ते जसे दिसतात तसेच येऊ द्या.

दुसरं काम शिकण्याचं. ब्लेंडर आणि गोडो ही गेम बनवण्याची साधनं मोफत आहेत. साधा जुना संगणक असला तरी सुरुवात होते. पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. शेजारच्या गुजरातमध्ये चला नावाच्या छोट्या ठिकाणाहून स्टुडिओ ओलिओमिंगस वसाहतवादावर बोलणारे गेम बनवतो आणि जग ते खेळतं. ‘भीमायन’ आठवा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ मध्ये बाबासाहेबांचं चरित्र आपल्या चित्रपरंपरेत रेखाटलं. त्यात चौकटी नाहीत, उसनी शैली नाही. रेघ त्यांची, माणसंही त्यांची. तेच गेममध्ये का होऊ नये? आपल्याकडे गोष्टींचा तोटा आहे का? सातपुड्यात इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक आणि एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा बांधवांचा डोंगऱ्या देव आहे, पावरीचा सूर आहे. चवदार तळ्याकडे निघालेली १९२७ ची माणसं आहेत. लळिंगचा लांडोर बंगला आहे, जिथे बाबासाहेब थांबले होते आणि जिथे दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंनी जातो. आणि पात्रं अहिराणीत बोलली तर काय बिघडलं?

तिसरं काम हक्काचं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगच्या धोरणाला मंजुरी दिली. त्यासाठी तीन हजार कोटींहून अधिक रुपयांची घोषणा झाली. हा पैसा कुणाच्या पोरांपर्यंत जाणार? धुळे, नंदुरबार, जळगावच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना त्यात जागा आहे का? बार्टी आणि टीआरटीआय या आपल्या संस्था स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवतात, ते चालूच राहोत. त्याच्या जोडीला चित्रकला, त्रिमितीय रचना, कथालेखन आणि प्रोग्रामिंगचे शिष्यवृत्तीसह वर्ग हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजनांचा निधी त्यासाठी मागायला हवा. प्रत्येक तालुक्यातून निवेदन गेलं पाहिजे. जातीची जागा फक्त सरकारी नोकरीत मागायची आणि उद्याच्या धंद्यात मागायची नाही, हे चालणार नाही. चेहरा कसा असावा हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीत आपलं माणूस बसल्याशिवाय चेहरा बदलणार नाही.

अभ्यासिकेत आता शनिवारी एक तास गेमसाठी ठेवला आहे. एका मित्राने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर पोरं ब्लेंडर उघडून बसतात. सध्या पांझरा नदी आणि तिच्यावरचा पूल बनवताहेत. पूल वाकडा झाला आहे आणि पाणी उलटं वाहतं. त्यात माणसं अजून यायची आहेत. त्या नववीतल्या मुलाने परवा विचारलं, “दादा, आपला रंग कसा बनाडतस?” आम्ही म्हणालो, आपला हात खिडकीतल्या उजेडात धर आणि तसा बनव. तो बराच वेळ हात उलटासुलटा करून पाहत होता. रंग काही पहिल्या खेपेला जमला नाही. या शनिवारी पुन्हा बसणार आहोत.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम!